जिन्याखालचं सामान : एका प्रदर्शनाच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

चिवडा-चकल्या अजून डब्यात आहेत आणि नवं प्रदर्शन मांडायचं काम दारात आलंय. विषय: वास्तुरचना आणि आरोग्य. त्यातही माणसाला हालतं-चालतं ठेवणाऱ्या इमारती, रस्ते, मोकळ्या जागा. आयोजक डॉक्टर मंडळी, सोबत दोन-तीन आर्किटेक्ट. ४ जानेवारीला उद्घाटन, १२ तारखेपर्यंत चालवायचं. बजेट अडीच लाख. त्यात छपाई, सुतारकाम, लाइट, टेम्पो, चहा सगळं. म्हणजे चहा घरून.

ब्रीफ चार पानी आहे. 'बैठी जीवनशैली' हा शब्द मी मोजला नाही, पण दर परिच्छेदात भेटतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस, प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, ही पहिल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवी आहे म्हणे. दारातच कुणी मला मिनिटं मोजून द्यायला लागलं तर मी तिथूनच मागे फिरेन. डॉक्टरांना असं लिहिलं नाही. 'विचार करते' असं लिहिलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

जागा पाहिली. पेठेतली जुनी इमारत, दालन पहिल्या मजल्यावर. आत शिरलं की समोर लिफ्ट: चकचकीत स्टीलचा दरवाजा, डोक्यावर ट्यूब, बाजूला आरसा. जिना कुठे आहे असं विचारलं तर वॉचमन मामा म्हणाले, "मागं आहे की. पण लिफ्ट चालू आहे ताई, बंद नाही."

म्हणजे जिना कुणी विचारलाच तर लिफ्ट बिघडलेली असणार, हे त्यांच्या लेखी ठरलेलं.

जिना एका दरवाजाआड आहे. दरवाजाला वरून स्प्रिंग, ढकलून धरावा लागतो. मूळचा नाही तो; खालच्या ऑफिसात एसी आला तेव्हा गारवा पळू नये म्हणून कुणीतरी बसवलाय. आत अंधार. जिन्याखाली: मोडक्या खुर्च्या सहा, जुन्या कार्यक्रमांच्या बॅनरच्या गुंडाळ्या, लाकडी पोडियमचा एक तुकडा, झाडू, बादली, सुंभाची वेटोळी आणि मामांचा डबा. जिन्याच्या मधल्या चौकात, म्हणजे दोन चढणींमधल्या सपाट जागेत, एक मोठी खिडकी, पण काचांसकट राखाडी ऑइलपेंट मारलेला.

जिना मात्र देखणा. शहाबादी पायऱ्या, हातांनी गुळगुळीत झालेला सागवानी कठडा. टेप लावली: चढ (एका पायरीची उंची) सहा इंचांच्या आसपास, पायरी (पाऊल ठेवायची खोली) बाराला जराशी कमी. ज्याने बांधला त्याने माणसाच्या गुडघ्याचा विचार केला होता. पुढच्यांनी त्याचं गोदाम केलं.

आमच्या इंटर्नला दोन तास खाली बसवून मोजायला लावलं. त्याच्या वहीत लिफ्टच्या रकान्यात पाच-पाच रेघांच्या नऊ जुड्या. जिन्याच्या रकान्यात चार सुट्या रेघा, त्यातल्या दोन मामांच्या.

आपला पहिला एक्झिबिट इथे आयताच उभा आहे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आयोजकांची मीटिंग. जिन्याचं सांगितलं. सगळ्यांना आवडलं, आणि आवडलं की काय होतं ते झालं: "मग आपण पियानो जिना करू या!" स्टॉकहोमचा व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर. २००९ साली ओडेनप्लान मेट्रो स्टेशनात जिन्याच्या पायऱ्यांना पियानोच्या पट्ट्या केल्या, पाय ठेवला की सूर वाजायचा, आणि सरकत्या जिन्याऐवजी पायऱ्या निवडणारे ६६ टक्क्यांनी वाढले. ते सगळं एका मोटार कंपनीच्या जाहिरातीसाठी होतं, हे व्हिडिओत चटकन लक्षात येत नाही. गाडी विकणाऱ्यांनी चालायला शिकवलं, यात काय ती गंमत.

मी म्हटलं, गंमत दोन दिवस टिकते. तिसऱ्या दिवशी खालच्या ऑफिसातले लोक सूर बंद करा म्हणून येतील. माणूस रोज चढेल असा जिना करायचा तर त्याला वाजवायचं नसतं, दिसवायचं असतं. न्यूयॉर्क शहराने २०१० मध्ये या विषयावर रचनेची मार्गदर्शिका काढली, त्यातला जिन्याबद्दलचा सल्ला असाच कंटाळवाणा आणि खरा आहे: जिना प्रवेशाजवळ, नजरेसमोर, उजेडात ठेवा, लिफ्ट थोडी आडबाजूला चालेल. आपल्याकडच्या नव्या सोसायट्यांचा नकाशा आठवा. लॉबीत ग्रॅनाइट, दोन लिफ्टा, आणि जिना? त्या तिकडे, मीटर रूमच्या शेजारी, करड्या दरवाजाआड.

ठरलं: पियानो नाही. एक डॉक्टर जरा खट्टू झालेत.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मजकुराचा पहिला खर्डा. इतिहासाची भिंत कुठून सुरू करायची यावर दोन दिवस गेले. अथेन्स-रोम नको, ते शाळेच्या पुस्तकासारखं होतं. मी १८९६ पासून सुरू करतेय, मुंबईच्या प्लेगपासून.

त्या साली मांडवीत प्लेग दिसला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. कोंदट, अंधाऱ्या खोल्या हा रोगाचा आश्रय असं मानून ट्रस्टने वस्त्यांमधून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट कापला तो समुद्राचा वारा आत यावा म्हणून. पुढे दादर-माटुंग्याकडे नवी वसाहत आखली. आणि एक नियम आला, साडेत्रेसष्ट अंशांचा. ऐकायला अगम्य; पण कोन कागदावर काढला की समजतो. समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा जास्त नको. दहा फूट मोकळे, तर वीस फूट भिंत. एवढंच. खालच्या मजल्यावरच्या खोलीलाही आभाळाचा तुकडा मिळावा, इतका त्याचा अर्थ.

हे मांडायला फळ्यांची दोन घरं, मध्ये सरकती जागा, आणि साडेत्रेसष्ट अंशांवर ताणलेला पिवळा दोरा. घर जवळ सरकवलं की दोरा भिंतीला अडकतो. लहान मुलांनाही कळेल. (साडेत्रेसष्ट अंश कुणी मोजणार नाही, तरी मी कोनमापक लावून बघणार आहे.)

भिंतीचा धागा असा: तेव्हाच्या रोगावर वास्तुरचनेने उजेड आणि वारा दिला. आता रोग बदलले. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार. त्यावर ती काय देऊ शकते? हालचाल. डॉक्टरांना हा सांधा पटला. मला तो जरा जास्तच सरळ वाटतोय. पुढे बघू.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

छपाईवाल्याकडे. "मॅडम, उद्या मतदान, तेवीसला निकाल. चोवीसपर्यंत मशीन रिकामं नाही. निवडून आला की अभिनंदनाचे, पडला की मतदारांच्या आभाराचे." सनबोर्डचं एक सॅम्पल तरी दे म्हटलं. दिलं, मागच्या बाजूला कुणा उमेदवाराचा अर्धा चेहरा.

२४ नोव्हेंबर, रविवार

पर्वती चढले, टेप घेऊन. १०३ पायऱ्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं देऊळ, १७४९ चं. पायऱ्यांची मापं घ्यायचा बेत फसला. झिजलेल्या आहेत, रुंद आहेत, उताराला कललेल्या आहेत, एक दुसरीसारखी नाही. पण दीड तास बसून लोक पाहिले. आज्या कुठे थांबतात? बाजूच्या दगडी कठड्यापाशी. दहा-पंधरा पायऱ्या, मग टेकणं, मग एकीचं दुसरीला "तू हो पुढे." टेकायला काही नसतं तर त्या खालूनच देवाला हात जोडून गेल्या असत्या. वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: बसायची जागा मिळाली तर माणूस जास्त चालतो. पुण्यातल्या फूटपाथांवर हे कुणी लिहून ठेवायला हवं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या नियमावलीत निवासी भागातल्या फूटपाथला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. आमच्या गल्लीत ती १.८ मीटर आहे, फक्त त्यात एक डीपी, एक झाड आणि तीन स्कूटर उभ्या आहेत.

संध्याकाळी आईला वाड्याचं पॅनल दाखवलं. 'वाडा: हालतं-चालतं घर'. वाड्याचा छेद, म्हणजे उभा कापून आतलं दाखवणारं चित्र, काढलाय: दिंडी दरवाजा, चौक, आड, ओसरी, माजघर, माडीचा उभट जिना, त्याला धरायला दोर. दिवसभरात घरातली माणसं कुठून कुठे जातात ते लाल रेघेने. रेघ अशी दाट झाली होती की मलाच कौतुक वाटत होतं. बघा, जिमशिवाय!

आईने चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"ही रेघ कुणाची?"

"घरातल्यांची."

"घरातल्यांची नाही. ही माझ्या सासूची नि जावांची. पहाटे आडावर, मग चुलीशी, मग माडीवर पाणी, मग परत खाली. तुझ्या आजोबांची रेघ वेगळी. ओसरीवरून झोपाळ्यापर्यंत नि झोपाळ्यावरून ताटापर्यंत." मग थोडं थांबून, "आणि हे आरोग्यदायी असतं ना, तर आमच्या थोरल्या जाऊबाईंचे गुडघे पन्नाशीत गेले नसते."

मी काहीच बोलले नाही. पॅनल घरी आणून पुन्हा काढायला घेतलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

वाड्याच्या पॅनलवर आता दोन रेघा. लाल बायकांची, निळी पुरुषांची. निळी शोधावी लागते. मथळा बदलला: 'कुणाची चाल?' हंडा-कळशीचं ओझं हा व्यायाम नव्हे, ती सक्ती. इमारत माणसाला हलवते ते दोन प्रकारे, त्याला अडवून किंवा त्याला बोलावून. प्रदर्शन दुसऱ्याबद्दल आहे. पहिल्या प्रकाराच्या आठवणी काढून उसासे टाकायचे नाहीत, असं टीमला बजावलं. टीम म्हणजे इंटर्न.

२ डिसेंबर, सोमवार

मुंबई. शिवाजी पार्क. येत्या सहा तारखेसाठी मैदानात मांडवाचे खांब उभे राहतायत, चैत्यभूमीला येणाऱ्यांसाठी. तरी कट्ट्यावरची जागा कुणी सोडलेली नाही. १९२५ मध्ये हे मैदान माहीम पार्क म्हणून खुलं झालं, १९२७ मध्ये शिवजन्माच्या त्रिशताब्दीला नाव बदललं. प्लेगनंतरच्या त्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या आखणीतला हा भाग. पण मला इतिहास नको होता, कट्टा हवा होता. मैदानाभोवती फिरणारी बुटकी भिंत. आत खेळणारे, बाहेर चालणारे, मध्ये बसणारे. बसणारा दहा मिनिटं चालणाऱ्यांना बघतो आणि उठून चालायला लागतो. चालणारा दमला की बसतो. कुणी कुणाला सांगत नाही.

लंडनच्या पेकहॅममध्ये १९३५ साली आरोग्य केंद्र बांधलं तेव्हा नेमका हाच डाव होता. मधोमध पोहण्याचा तलाव, भोवती काचा. चहा पिता पिता माणसाला पोहणारे दिसायचे आणि कधीतरी तोही उतरायचा. त्यासाठी इंजिनिअर ओवेन विल्यम्सने काच आणि काँक्रीटची अख्खी इमारत उभी केली. इथे गुडघाभर उंचीच्या भिंतीत तेच काम झालंय. कट्ट्याचं पॅनल आणि पेकहॅमचं पॅनल शेजारी-शेजारी लावायचं.

तिथेच ज्या गृहस्थांना भेटायचं होतं ते भेटले, बेस्टचे निवृत्त कंडक्टर, मैत्रिणीचे काका. त्यांच्याकडून जुना तिकिटांचा ट्रे उसना घ्यायचा होता, बस-पॅनलसाठी. ते पॅनल माझं लाडकं आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने लंडनच्या बसकर्मचाऱ्यांचा, सुमारे ३१,००० पुरुषांचा, अभ्यास १९५३ मध्ये छापला: दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा डबलडेकरचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. एकच बस, एकच धूर, एकच रस्ता. फरक जिन्याचा. मी खर्ड्यात पुढे लिहिलं होतं, 'मुंबईचा कंडक्टरही १९३७ पासून असाच डबलडेकरचा जिना चढत होता...'

काकांनी कागद हातात घेतला नि हसले. "कोण चढत होता? आमच्याकडे डबलडेकरला दोन कंडक्टर. खालचा खाली, वरचा वर. वरचा एकदा चढला की चढला."

वाक्य तिथल्या तिथे खोडलं. आणि ट्रे मिळाला. पत्र्याचा, कडा बोटांनी घासून पांढऱ्या झालेल्या. मुंबईच्या जुन्या डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. ट्रेच्या एका कप्प्यात अजून दोन-तीन तिकिटं चिकटलेली आहेत, ती काढायची नाहीत असं त्यांनी बजावून सांगितलं.

३ डिसेंबर, मंगळवार

डॉक्टरांनी बस-पॅनलला एक जोड दिली. मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये याच कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर मोठी, आणि तीही नोकरीच्या सुरुवातीपासूनच. म्हणजे सगळा फरक जिन्याने केला असं म्हणता येत नाही. आधीच जाड असलेली माणसं ड्रायव्हर होत असावीत असाही अर्थ निघतो. हे पॅनलवर टाकायचं का? मी म्हटलं, टाकायचंच. आयोजकांतल्या एकाला वाटतं की त्याने संदेश कमकुवत होतो. होऊ दे. विजारीचं चित्र झकास येईल.

९ डिसेंबर, सोमवार

सुतारांकडे, तीन जिन्यांचं काम. कल्पना अशी: तीन-तीन पायऱ्यांचे तीन ठोकळे, कठड्यासकट, लोकांनी खरोखर चढून बघायचे. एक जुन्या वाड्यातल्यासारखा: चढ २३ सेंमी, पायरी २०. दुसरा आजच्या घरांचा: राष्ट्रीय इमारत संहितेत घरांसाठी चढ जास्तीत जास्त १९ सेंमी, पायरी किमान २५. तिसरा सार्वजनिक इमारतीचा: १५ आणि ३०. आकडे कितीही सांगा, गुडघ्याला जे कळतं ते डोक्याला कळत नाही.

सतराव्या शतकात पॅरिसच्या ब्लाँदेलने जिन्याचं सूत्र सांगितलं: दोन चढ आणि एक पायरी मिळून माणसाचं एक पाऊल. आज ते साधारण ६० ते ६४ सेंमी धरतात. आमचे ठोकळे: ६६, ६३, ६०. हे मी सुतारकाकांना मोठ्या उत्साहाने सांगत होते. ते रंधा मारत म्हणाले, "दोन चढ नि एक पायरी मिळून दोन फूट. माझा बाप सांगायचा. फ्रान्सला कशाला जायला पाहिजे?" दोन फूट म्हणजे ६१ सेंमी. पॅनलवर ब्लाँदेलच्या शेजारी त्यांच्या वडिलांनाही जागा द्यायची.

आणि मग घोळ. तिसरा ठोकळा तयार होता, इंटर्न चढला आणि वर पोचताना अडखळला. पुन्हा चढला, पुन्हा तसाच. टेप लावली. पहिला चढ १६८ मिलिमीटर, मधला १५०, शेवटचा १३२. चढणाऱ्याचा पाय मधल्या मापाची सवय लावून घेतो आणि शेवटी १८ मिलिमीटर कमी निघतात. अठरा! प्लायची जाडी. बाजूच्या फळ्या बरोबर १५० च्या खाचांनी कापल्या, मग पायऱ्यांवर १८ एमएमची प्लाय ठोकली, पण सर्वांत वरच्या फलाटावर ठोकली नाही. मधल्या मापांत वर-खाली दोन्हीकडे प्लाय आली म्हणून ती जुळली. पहिला चढ वाढला, शेवटचा घटला.

काका दोन मिनिटं गप्प. मग, "तळातून अठरा कापतो, वर अठरा चढवतो. चहा होईस्तोवर." झालं खरंच तेवढ्यात. पण मी एक फोटो काढून ठेवलाय, इंटर्नच्या अडखळलेल्या पायाचा. माणूस जिन्यात पडतो तो मोठ्या मापामुळे नव्हे, विषम मापामुळे. हे मला वाचून माहीत होतं. आज दिसलं.

१६ डिसेंबर, सोमवार

आज जी बोलणी खाल्ली ती नोंदवते. आर्किटेक्ट मैत्रीण मजकूर बघायला आली होती. ती व्हीलचेअर वापरते. पॅनल वाचत वाचत गेली, मध्ये एका वाक्यावर बोट ठेवलं: 'लिफ्ट म्हणजे आळसाचं बटण.' (माझंच. त्या रात्री फार चटकदार वाटलं होतं.)

"हे बटण मी दिवसातून आठ वेळा दाबते," ती म्हणाली.

मी सारवासारव करायला लागले. ती ऐकेना. "तू जिन्याची आरती करतेयस, कर. पण माझ्यासाठी या दालनात काय आहे? तीन ठोकळे, तिन्हीवर मी चढू शकत नाही. पहिलं पॅनल जिन्यात, म्हणजे तेही मला दिसणार नाही. आणि वर हे."

सगळं खरं. दोन तास बसलो. निघालं ते असं:

जिन्यात जे असेल ते वरही असेल. जिन्यात फक्त उजेड, खिडकी आणि बाण. वाक्य गेलं. लिफ्ट जिथे आहे तिथे राहील, तिच्यावर कसलाही टोमणा नाही. आणि तिसऱ्या ठोकळ्याशेजारी जमिनीवर एक पट्टी. १५ सेंमीच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंमी उंची. तेवढं चढायला १:१२ उताराचा, म्हणजे एक उंचीला बारा लांबीचा, रॅम्प किती लांब? ५.४ मीटर. पिवळ्या टेपने ती लांबी जमिनीवर आखायची, दालनाच्या निम्म्या लांबीपर्यंत जाते. तिच्या कडेने चालत जा म्हणजे समजेल की दुकानापुढे ठोकलेली दोन फुटी लोखंडी पाटी हा रॅम्प नसतो. ही कल्पना तिची. तिचं नाव श्रेयनामावलीत हवं म्हटलं तर म्हणाली, "फी दे."

बजेटमधून दिली. चहा अजूनही घरूनच.

२१ डिसेंबर, शनिवार

मजकुरातून सगळे हुकूम काढले. 'चाला', 'चढा', 'सोडा', 'बदला'. एकूण तीस-पस्तीस आज्ञार्थ गेले असतील. १५० ते ३०० मिनिटांचं पॅनल राहिलं, पण शेवटच्या भिंतीवर, बाकाशेजारी. डॉक्टरांशी फोनवर पाऊण तास. शेवटी ते म्हणाले, ओपीडीत वीस वर्षं सांगतोय, कुणी ऐकत नाही. तुमच्या पद्धतीने बघू.

रस्त्यांची भिंत आटोपली. बोगोटामध्ये १९७४ पासून रविवारी सकाळी सात ते दोन वाहनं बंद, आता १२० किलोमीटरहून जास्त रस्ते सायकली आणि पायांना मोकळे. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडचा एक तुकडा पादचारी दिन म्हणून. वर्षातला एक दिवस. दोन्ही नकाशे एकाच प्रमाणात छापलेत, शेरा काही लिहिला नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

जिन्याखालचं सामान हललं. दोन आठवडे कागद फिरत होता. सामान कुणाचं हेच कुणाला माहीत नव्हतं. शेवटी मामांनीच मागच्या खोलीची किल्ली शोधून काढली. स्प्रिंगचा दरवाजा बिजागऱ्यांतून काढून आमच्या स्टुडिओत आणला, प्रदर्शन संपेपर्यंत. लेखी परवानगी फाइलला आहे.

खिडकीचा रंग. थिनर, ब्लेड आणि इंटर्न. सकाळी दहाला सुरुवात केली, काचेच्या पहिल्या तुकड्यावरून राखाडी सालपट लांब पट्टीसारखं सुटलं आणि मागून हिरवं दिसलं. उंबर. चांगला मोठा, खिडकीला फांद्या टेकलेल्या. दुपारी तीनपर्यंत बारापैकी नऊ काचा झाल्या. तीन फुटक्या निघाल्या, त्या बदलल्या. पायऱ्यांवर उन्हाचा तुकडा पडला. मामा खालून वर आले, बघत राहिले. अकरा वर्षं इथे आहेत ते. "झाड आहे ते ठाऊक होतं," म्हणाले. "हितनं दिसतं ते नव्हतं ठाऊक."

जिन्याची लायटिंग रद्द. चार हजार वाचले.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

उभारणी. रात्रीचे दीड. 'ळ' चे तीन पॅनलवर चौकोन झालेत, फाँटची भानगड. हाताने स्टिकर कापून चिकटवले. पिवळा दोरा बरोबर साडेत्रेसष्टवर आहे, कोनमापक लावला. बाक चार, उंची ४५ सेंमी, सगळ्यांना पाठ आणि दोघांना हात, कारण उठताना हात लागतो. आई येणार आहे.

४ जानेवारी, शनिवार

उद्घाटन. पाहुणे लिफ्टने आले. फोटोही लिफ्टपाशी निघाले. असो.

आई जिन्याने आली. चौकात थांबली, खिडकीशी कठड्याला टेकून उंबराकडे बघितलं, मग वर. वाड्याच्या ठोकळ्यावर मात्र चढली नाही. "तो पुष्कळ चढलेय," म्हणाली, आणि निळ्या रेघेजवळ जाऊन ओळखीच्या बायकांना ती शोधायला लावत बसली.

८ जानेवारी, बुधवार

शाळेची सहल. मुलांनी सरकतं घर इतकं सरकवलं की दोरा तुटला. नवा बांधला. तिकिटांच्या ट्रेला काचेची पेटी असूनही बोटांचे ठसे आतल्या बाजूला; कसे, ते इंटर्नलाच माहीत. पिवळ्या पट्टीवरून सगळे तोल सांभाळत चालतात, दोरीवरून चालल्यासारखे. रॅम्पची लांबी कुणी वाचत नाही. चालतात मात्र पूर्ण ५.४ मीटर.

मैत्रीण आली होती. लिफ्टने आली, तासभर होती. जाताना म्हणाली की कॅप्शन अजून दहा सेंटिमीटर खाली हवे होते. टेप लावली. हवे होते.

१२ जानेवारी, रविवार

शेवटचा दिवस. इंटर्न पुन्हा खाली बसला, त्याच वेळेला, दोन तास. जिन्याच्या रकान्यात सहा जुड्या नि तीन सुट्या रेघा, लिफ्टच्या पाच जुड्या. यावरून काही सिद्ध होत नाही. प्रदर्शनाला येणारे लोक वेगळे, रविवार वेगळा, आणि इंटर्न जिन्याच्याच तोंडाशी बसला होता. आयोजकांना अहवालात हे कंसात टाका म्हटलं. कंस निघणार, मला दिसतंय.

सामान उतरवलं. १५-३० चा ठोकळा एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मागून नेला. १९-२५ चा सुतारकाकांकडे परत. वाड्याचा कुणालाच नको. प्लाय सुटी करून पुढच्या कामाला.

परत करायची यादी केली: ट्रे, बाक, कोनमापक, मागच्या खोलीची किल्ली, दरवाजा एक, बिजागऱ्या तीन, स्प्रिंग एक. किल्ली द्यायला मामांना शोधलं तर ते खाली नव्हते. चौकात, खिडकीशी खुर्ची टाकून डबा उघडून बसले होते.

"मामा, दरवाजा बसवायला सुतारांना पाठवते या आठवड्यात."

"पाठवा की," ते म्हणाले. मग भाकरी मोडत, "काय घाई नाही, ताई."

यादीत दरवाजापुढे 'नंतर' लिहिलं.